रेंज गावात आली, पुढे काय अडलं?

चार माणसांच्या शेतकरी घरात आज सहा सिमकार्डं सहज निघतात. वडिलांच्या फोनमध्ये दोन, मुलाच्या फोनमध्ये दोन, आईच्या बटणाच्या जुन्या फोनमध्ये एक आणि विहिरीवरच्या पंपाच्या मोबाइल स्टार्टरमध्ये एक. सरकारी हिशेबात या घरात माणसं चार आणि जोडण्या सहा. पण ई-पीक पाहणी नोंदवायची असो की एखाद्या योजनेची ई-केवायसी करायची असो, आई मुलगा घरी यायची वाट बघत बसते. गावात टॉवर आहे, हातात फोन आहे, तरी ती इंटरनेटच्या बाहेरच आहे.

जगाचा हिशेबही याच घरासारखा आहे. जगात माणसं आठशे कोटींच्या थोडी वर आणि मोबाइल जोडण्या त्याहून जास्त. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार ५५० कोटी लोक, म्हणजे जगातले ६८ टक्के, इंटरनेट वापरत होते. २६० कोटी वापरत नव्हते. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे आणि खरं कोडं तिथेच आहे. फोर-जीची रेंज जगातल्या ९२ टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचली आहे. म्हणजे रेंजबाहेर राहिलेले थोडे आणि रेंजमध्ये राहूनही इंटरनेटपासून लांब असलेले कितीतरी जास्त. हे लोक नेमके कुठे अडले? ते समजून घ्यायचं तर आधी मोबाइल इतक्या झपाट्याने पसरला कसा, हे पाहावं लागेल.

तारेची गरज संपली तेव्हा

१९९१ साली भारतात शंभर माणसांमागे एक फोनही नव्हता. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं थांबायचं, ही तेव्हाची रीत होती. सरकारी खात्याच्या संथपणाइतकंच कारण यंत्रणेतही होतं. टेलिफोन एक्स्चेंजपासून प्रत्येक घरापर्यंत तांब्याच्या तारांची स्वतंत्र जोडी न्यावी लागे. खांब रोवा, चर खणा, पावसाळ्यात दुरुस्ती करा. एकेका घरासाठी एवढा खटाटोप असल्यावर गरीब देशांत फोन श्रीमंतांच्या वस्तीतच राहिला.

बिनतारी फोनची कल्पना जुनी होती, पण त्याला वेगळी अडचण होती. एका वेळी एका वारंवारितेवर एकच संभाषण होऊ शकत असे आणि वारंवारिता मोजक्याच. उंच इमारतीवर मोठा प्रक्षेपक बसवून अख्ख्या शहराला सेवा द्यायची तर थोड्याच जणांना बोलता येई. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कसारख्या महानगरात मोटारीतल्या फोनचे ग्राहक काही शेकडाच होते आणि प्रतीक्षायादी हजारोंची होती.

यावरचा तोडगा अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९४७ सालीच कागदावर मांडला गेला होता. एका मोठ्या प्रक्षेपकाऐवजी शहराचे छोटे छोटे भाग पाडायचे. प्रत्येक भागात कमी ताकदीचा प्रक्षेपक ठेवायचा. त्याची लहर दोन-चार भागांपलीकडे पोहोचतच नाही, त्यामुळे थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या भागात तीच वारंवारिता पुन्हा वापरता येते. मोजक्या वारंवारितांवर लाखो माणसं बोलू शकतात ती यामुळे. माणूस एका भागातून दुसऱ्यात गेला, की यंत्रणा त्याचा कॉल पुढच्या टॉवरकडे सोपवते. हे सोपवणं क्षणार्धात करणारी संगणकीय यंत्रं यायला मात्र तीसएक वर्षं लागली. जपानमध्ये असं पहिलं व्यावसायिक जाळं १९७९ साली सुरू झालं. पुढे युरोपातल्या देशांनी मिळून जीएसएम ही एकच पद्धत ठरवली आणि १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये तिच्यावरून पहिला कॉल झाला. एकच पद्धत असल्यामुळे एका कारखान्यात बनलेला फोन शंभर देशांत खपू लागला. कोट्यवधींच्या संख्येने बनणारी वस्तू स्वस्त होत जाते, तसा तो स्वस्त होत गेला.

भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना तो लावला. तेव्हा मिनिटाचा दर सोळा रुपयांच्या घरात होता आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत. १९९९ च्या दूरसंचार धोरणाने कंपन्यांवरचं ठोक परवाना शुल्क काढून उत्पन्नातला वाटा घ्यायला सुरुवात केली. २००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले. पण माझ्या मते सर्वांत मोठा बदल प्रीपेडचा होता. बिल नंतर पाठवायचं तर ग्राहकाचा पत्ता, पत, पगार सगळं तपासावं लागतं. पैसे आधीच घेतले की यातलं काहीच लागत नाही. ज्याची कमाई रोजची होती, तो दहा रुपयांचं रिचार्ज मारू शकत होता आणि उद्या काम नसेल तर थांबू शकत होता. पैसे संपले तरी कॉल येत राहत आणि एक मिस्ड कॉल देऊन ‘पोहोचलो’ एवढं कळवता येई. भारतापासून केनियापर्यंत गरिबांना फोन परवडला तो याच वाटेने. २००३ साली आलेला नोकियाचा ११०० हा फोन याच ग्राहकासाठी बनवलेला होता. त्यात टॉर्च होती आणि कीपॅडमध्ये धूळ शिरत नसे. तो पंचवीस कोटींहून जास्त खपला.

नुसत्या बोलण्याच्या फोनने काय साधतं, याचा सुरेख पुरावा उत्तर केरळच्या किनाऱ्यावर मिळाला. १९९७ ते २००१ या काळात कासारगोड, कण्णूर आणि कोळिकोड या जिल्ह्यांत टप्प्याटप्प्याने मोबाइल आला. किनाऱ्यावरच्या टॉवरची रेंज वीस-पंचवीस किलोमीटर समुद्रात जात होती. त्याआधी तारली पकडणारी होडी मुकाट्याने आपल्याच गावच्या बंदराला लागायची. सगळ्यांनाच मासळी भरपूर मिळाली, की तिथे भाव कोसळायचा आणि माल समुद्रात फेकावा लागायचा. त्याच सकाळी पंधरा किलोमीटरवरच्या बाजारात गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जायचं. फोन आल्यावर मच्छीमार होडीतूनच दोन-चार बाजारांत भाव विचारू लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने आठवड्या-आठवड्याला भाव नोंदवून २००७ मध्ये निष्कर्ष मांडले. सरासरी पाच ते आठ टक्के मासळी वाया जायची, ते जवळजवळ थांबलं. मच्छीमारांचा नफा सुमारे आठ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी चार टक्के स्वस्त मिळू लागली. सरकारचं अनुदान नाही, कुठली योजना नाही. भावाची खबर वेळेवर मिळाली, एवढंच.

उलट बाजू म्यानमारने दाखवली. तिथे लष्करी राजवटीत सिमकार्डाची किंमत हजार डॉलरच्याही वर होती, कारण सरकारच मोजकी सिम विकत होतं. २०१३ मध्ये दोन परदेशी कंपन्यांना परवाने मिळाले आणि पुढच्या वर्षी सिम दीड हजार क्यातला, म्हणजे सुमारे दीड डॉलरला मिळू लागलं. दहा टक्के लोकांकडेही फोन नसलेला देश काही वर्षांत फोनने भरून गेला. टॉवरचं तंत्रज्ञान तेच होतं. अडवणूक धोरणाची होती. पुढे फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी बंडानंतर त्याच देशात इंटरनेट वारंवार बंद पाडलं गेलं. आपल्याकडे जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये बंद झालेली फोर-जी सेवा सर्वत्र परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. इंटरनेट असलेले आणि नसलेले यांच्यातल्या दरीच्या नकाशात असे बंद केलेले प्रदेशही धरले पाहिजेत, कारण तिथल्या विद्यार्थ्याचं वर्ष तेवढंच वाया जातं.

रेंज फुल, नेट ठप्प

आता इंटरनेटकडे वळू. रेंज पूर्ण दिसते आणि पान काही उघडत नाही, हा अनुभव सगळ्यांचा आहे. याचं कारण कळायला गावची नळपाणी योजना डोळ्यांसमोर आणा. लांबच्या धरणातून मोठी जलवाहिनी येते. तिचं पाणी गावातल्या उंच टाकीत पडतं. टाकीतून गल्लीच्या पाइपने ते घरच्या नळाला येतं. नळ कोरडा असेल तर दोष यातल्या कोणत्याही टप्प्यावर असू शकतो. इंटरनेटमध्ये टॉवर ही टाकी आहे. फोनवर दिसणारी रेंज तुम्हाला एवढंच सांगते, की टाकी जवळ आहे. टाकीत पाणी किती आहे, हे ती सांगत नाही.

टाकी सगळ्या गावाची असते. जत्रेच्या दिवशी हजारो माणसं एकाच टॉवरवर तुटून पडतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला थेंब येतो. दुसरा दोष टाकीपर्यंत येणाऱ्या वाहिनीत असतो. टॉवरला मुख्य जाळ्याशी जोडायला जमिनीखालची फायबर लागते. ती नसेल तर टॉवरवरची गोल तबकडी दुसऱ्या टॉवरच्या तबकडीशी लहरींनी बोलते. हा मार्ग फायबरच्या मानाने फार अरुंद. भारतात अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना २०११ साली मंजूर झाली आणि पुढे भारतनेट या नावाने चालू राहिली, ती या वाहिनीसाठीच.

आणि धरण? ते बहुधा समुद्रापलीकडे असतं. इंटरनेट उपग्रहांवरून येतं असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात खंडाखंडांमधली जवळजवळ सगळी वाहतूक समुद्रतळावरच्या केबलमधून होते. खोल समुद्रात ही केबल मनगटाहूनही बारीक असते. आत केसासारखे काचेचे तंतू आणि त्यांतून धावणारा प्रकाश. भारतात येणाऱ्या केबलचं सर्वांत मोठं ठाणं मुंबई आहे. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वाळूखालून अशा अनेक केबल शहरात शिरतात. मुंबई किंवा चेन्नईत एक तुटली तर वाहतूक दुसरीवर वळवता येते, म्हणून आपल्याला सहसा पत्ताही लागत नाही.

सगळ्यांचं नशीब असं नाही. टोंगा या प्रशांत महासागरातल्या द्वीपराष्ट्राला बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच केबल होती. जानेवारी २०२२ मध्ये समुद्राखालच्या ज्वालामुखीच्या स्फोटाने ती तुटली. ऐन संकटात देश जगापासून तुटला आणि केबल पूर्ववत व्हायला पाच आठवडे लागले. पूर्व आफ्रिकेच्या बऱ्याच भागात तर जुलै २००९ पर्यंत बाहेर जाणारी समुद्री फायबर केबल सुरूच झाली नव्हती. केनिया, टांझानिया, युगांडा ही राष्ट्रं महागड्या उपग्रह जोडणीवर दिवस काढत होती. पहिली केबल मोम्बासाच्या किनाऱ्याला लागली आणि पाठोपाठ आणखी आल्या, तेव्हा तिथलं इंटरनेट खऱ्या अर्थाने सुरू झालं. चाड, दक्षिण सुदान, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक या देशांना समुद्रकिनाराच नाही. त्यांच्यासाठी वाहिनी शेजारच्या देशातून येते, शेजाऱ्याच्या दराने आणि शेजाऱ्याच्या मर्जीने. इंटरनेट वापरणाऱ्यांचं प्रमाण जगात सर्वांत कमी आहे त्या देशांत यांची नावं वर्षानुवर्षं दिसतात.

टॉवर का येत नाही

जिथे टाकीच नाही, त्या गावांचं काय? २०२० च्या टाळेबंदीत सिंधुदुर्ग-रत्नागिरीतली मुलं रेंजसाठी डोंगरावर जाऊन बसत होती, ते अजून कुणी विसरलं नसेल. इथे दोन गोष्टी एकत्र येतात. पहिली भूगोलाची. कमी वारंवारितेच्या, म्हणजे ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतींतूनही बऱ्यापैकी आत शिरतात, पण त्यांतून माहिती कमी वाहते. ३३०० मेगाहर्ट्झसारख्या उंच वारंवारितेत माहिती भरपूर मावते. त्या लहरी मात्र लवकर विरतात आणि डोंगर आडवा आला की संपतात. सह्याद्रीच्या उतारावर दोन वाड्यांमध्ये एक सोंड आली, तरी एका टॉवरचं काम भागत नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची. शहरातल्या टॉवरखाली हजारो ग्राहक असतात, तिथे वीज असते आणि फायबर रस्त्यातून गेलेली असते. दुर्गम वाडीवर ग्राहक शे-दोनशे. तिथे वीज बेभरवशाची म्हणून डिझेल वाहून न्यायचं, दुरुस्तीला माणूस पाठवला तर त्याचा दिवस जायचा. खर्च जास्त आणि उत्पन्न कमी, म्हणून कंपनी आपणहून तिथे जात नाही. हे ओळखूनच अनेक देशांनी सार्वत्रिक सेवा निधी उभारले. भारतात कंपन्यांच्या उत्पन्नातले पाच टक्के या निधीत जातात, म्हणजे शेवटी आपल्या प्रत्येक रिचार्जमधून. २०२२ मध्ये रेंजबाहेरच्या २४,६८० गावांत फोर-जी नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपये मंजूर झाले. एका गावामागे सरासरी एक कोटीहून जास्त. शेवटच्या काही टक्क्यांना जोडणं किती महाग पडतं, हे या भागाकारातून दिसतं. तरी हा खर्च योग्यच आहे असं मला वाटतं. रस्ता आणि वीज दुर्गम वस्तीला नेताना आपण नफा विचारत नाही.

आकाशातून तोडगा काढायचे प्रयत्नही झाले. गूगलच्या मूळ कंपनीने लून या प्रकल्पात टॉवरची यंत्रं बसवलेले प्रचंड फुगे सुमारे वीस किलोमीटर उंचीवर तरंगत ठेवले आणि जुलै २०२० मध्ये केनियात व्यावसायिक सेवा सुरू केली. अवघ्या सहा महिन्यांनी, जानेवारी २०२१ मध्ये, प्रकल्प बंद करत असल्याची घोषणा झाली. खर्च पुरेसा खाली आणता आला नाही, असं कंपनीने सांगितलं. आता भिस्त उपग्रहांवर आहे. जुने दळणवळण उपग्रह जवळजवळ ३६,००० किलोमीटरवर असतात, त्यामुळे प्रश्न जाऊन उत्तर यायलाच अर्धा सेकंद जातो. स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर फिरतात. विलंब फार कमी होतो, पण ते एका जागी स्थिर दिसत नाहीत, म्हणून हजारोंच्या संख्येने सोडावे लागतात. २०२३ च्या सुरुवातीला ही सेवा आफ्रिकेत प्रथम नायजेरियात आली. शाळा, दवाखाना, बेटावरचं गाव यांच्यासाठी ती वरदान ठरू शकते. ज्या कुटुंबाला साधा स्मार्टफोन परवडत नाही, त्याला मात्र घराच्या छपरावर तबकडी बसवणं शक्य नाही.

चौकट : आकडा वाचताना

• ‘जोडण्या’ म्हणजे सिमकार्डं. एकाच माणसाची दोन सिम आणि यंत्रांत बसवलेली सिमही त्यात येऊ शकतात. त्यावरून माणसं मोजता येत नाहीत.

• दूरसंचार संघाच्या व्याख्येत गेल्या तीन महिन्यांत कुठूनही, कोणत्याही साधनावरून इंटरनेट वापरलेला माणूस ‘वापरकर्ता’ ठरतो. रोज वापरणारा आणि एकदाच वापरलेला यांत फरक नाही.

• जीएसएमए ही मोबाइल कंपन्यांची जागतिक संघटना स्वतःच्या साधनावर मोबाइल इंटरनेट वापरणारे मोजते. तिच्या हिशेबाने २०२३ अखेर असे लोक ५७ टक्के होते. कोणत्याही मोबाइल इंटरनेटची रेंजच नसलेले फक्त ४ टक्के, म्हणजे सुमारे ३५ कोटी. रेंजमध्ये असूनही न वापरणारे ३९ टक्के, म्हणजे सुमारे ३१० कोटी. हा हिशेब साऱ्या लोकसंख्येचा आहे, त्यामुळे त्यात लहान मुलंही येतात.

• जगाच्या शहरांत ८३ टक्के लोक इंटरनेटवर आहेत, खेड्यांत ४८ टक्के. युरोपात ९१ टक्के, आफ्रिकेत ३८ टक्के. (दूरसंचार संघ, २०२४)

टाकी शेजारी, घागर रिकामी

आता खरी मोठी दरी. रेंज नसलेल्यांच्या कितीतरी पट लोक रेंजमध्ये बसून बाहेर आहेत. सरकारांच्या घोषणा आणि कंपन्यांच्या जाहिराती टॉवरभोवती फिरतात, कारण टॉवर दिसतो आणि मोजता येतो. हातातल्या फोनची अडचण घराघरांत विखुरलेली असते, ती सहसा कुठल्या फलकावर येत नाही.

पहिली अडचण फोनच्या किमतीची. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यातल्या माणसाला इंटरनेट चालणारा सर्वांत स्वस्त फोन घ्यायला जवळजवळ अख्ख्या महिन्याची कमाई लागते, असं जीएसएमएचा अभ्यास सांगतो. त्यावर अनेक देश कर लावतात. भारतात मोबाइलवरचा जीएसटी एप्रिल २०२० मध्ये १२ वरून १८ टक्के झाला, आणि तोही शाळा मोबाइलवर भरायला लागण्याच्या तोंडावर. फोन घेतला तरी तो चार्ज कुठे करणार? आफ्रिकेत सुमारे ६० कोटी लोकांच्या घरी वीज नाही. पुष्कळ ठिकाणी बाजारात पैसे देऊन फोन चार्ज करून आणावा लागतो.

केनियाने यावर एक चांगला मार्ग काढला. सफारीकॉम या कंपनीने २०२० मध्ये गूगलच्या मदतीने हप्त्यावर फोर-जी फोन द्यायला सुरुवात केली. सुरुवातीला थोडी रक्कम भरायची आणि मग रोज वीस शिलिंग. हप्ता थकला की फोन कुलूपबंद होतो, भरला की उघडतो. बँकेत खातं नाही, पगारपत्रक नाही, अशा माणसाला कर्ज मिळण्याची ही सोय झाली. रोजचा हप्ता एम-पेसावरून जातो. एम-पेसा ही फोनवरून पैसे पाठवण्याची सेवा याच कंपनीने मार्च २००७ मध्ये सुरू केली होती. ती इंटरनेटशिवाय, साध्या बटणाच्या फोनवर चालते, आणि शहरात मजुरी करणारा माणूस गावी घरच्यांना पैसे पाठवू लागला तो तिच्यामुळे. फोनचा असा रोजचा उपयोग दिसला, की लोक पोटाला चिमटा काढूनही फोन घेतात, हे तिथे दिसून आलं.

दुसरी अडचण डेटाच्या दराची, आणि इथे भारताची गोष्ट वेगळी आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर एका जीबीचा दर अडीचशे रुपयांच्या घरातून दहा रुपयांच्या आसपास आला. जगात इतका स्वस्त डेटा फार थोड्या देशांत मिळतो. पण जीबीचा दर आणि महिन्याचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या दहा रुपयांच्या रिचार्जने गरिबाला फोन परवडला, ते आता सिम चालू ठेवायला पुरत नाही. बहुतेक खासगी कंपन्यांचं कमीत कमी २८ दिवसांचं रिचार्ज दोनशे रुपयांच्या आसपास गेलं आहे. ज्याला थोडंसंच हवं, त्यालाही मोठं पाकीट घ्यावं लागतं. घरात तीन फोन असतील तर कोणत्या फोनचं रिचार्ज थांबवायचं, हे ठरवावं लागतं. बहुतेक घरांत आधी आईचं थांबतं.

तिसरी अडचण वापराची. जगातल्या निम्म्या संकेतस्थळांची भाषा इंग्रजी आहे. मराठीत मजकूर वाढला, बोलून शोधायची सोय आली, तरी अर्ज भरायच्या पानावर मधूनच इंग्रजी सूचना येते, ओटीपीची मुदत संपते, आणि ज्याला अक्षरं जोडून वाचावी लागतात तो तिथेच थांबतो. एकदा फसवणूक झाली की भीती बसते. ज्येष्ठांना आणि दृष्टी अधू असणाऱ्यांना तर या पानांच्या रचनेत कुणी लक्षातच घेतलेलं नसतं.

फोन घरात, पण कोणाच्या हातात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महिलांना एक नेमका प्रश्न विचारला गेला: तुम्ही स्वतः वापरता असा मोबाइल तुमच्याकडे आहे का? घरात फोन आहे का, असं विचारलं असतं तर उत्तर जवळजवळ सगळीकडे ‘हो’ आलं असतं. स्वतःचा विचारल्यावर भारतात ५४ टक्के महिलांनी ‘हो’ म्हटलं. कधीतरी इंटरनेट वापरलं असं सांगणाऱ्या महिला ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के.

याच फेरीत महाराष्ट्राचे आकडे देशापेक्षा थोडेच बरे होते. कधीतरी इंटरनेट वापरलेल्या महिला ३८ टक्के, पुरुष ६१.५ टक्के. शेजारच्या गोव्यात महिला जवळपास ७४ टक्के आणि पुरुष ८३ टक्के. गोव्यात ९१ टक्के महिलांकडे स्वतःच्या वापराचा फोन होता. गोवा लहान आहे, तिथलं उत्पन्न जास्त आहे आणि मुलींच्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. पण टॉवर, कंपन्या, सिमकार्डं आणि डेटाचे दर दोन्हीकडे सारखेच. ही तफावत लहरींच्या भौतिकशास्त्राने समजणार नाही. मुलाला दहावीनंतर फोन मिळतो आणि मुलीला लग्नापर्यंत मिळत नाही, किंवा मिळाला तर भावाच्या नजरेखाली, हे आपल्या घरांचं वास्तव आहे. दक्षिण आशियात मोबाइल इंटरनेट वापरण्यात बायका पुरुषांपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी मागे आहेत, असं जीएसएमएचे अहवाल सांगतात.

हे बदलता येतं, याचे दाखले आहेत. बांगलादेशात १९९७ पासून ग्रामीण बँकेने गावातल्या बायकांना मोबाइल घ्यायला कर्ज दिलं. त्या मिनिटाच्या हिशेबाने गावाला फोन वापरायला देत आणि त्यातून कर्ज फेडत. फोन आधी बाईच्या हाती आला आणि गावातले पुरुष तिच्या दारात फोन करायला आले. भारतात २०१५ मध्ये गूगल आणि टाटा ट्रस्ट्स यांनी इंटरनेट साथी हा उपक्रम सुरू केला. टॅबलेट आणि फोन घेऊन, कित्येकदा सायकलवर, गावातलीच एक बाई इतर बायकांना शिकवायची. हवामान कसं पाहायचं, शिलाईचे नमुने कुठे मिळतात, शेळीच्या आजारावर काय करायचं. महाराष्ट्रातल्या गावांतही या साथी फिरल्या. शिक्षिका ओळखीची असल्यामुळे सासूचाही विरोध मावळायचा आणि चुकलं तरी विचारायची लाज वाटायची नाही. तो उपक्रम काही वर्षांनी थांबला. केंद्र सरकारची ग्रामीण डिजिटल साक्षरता मोहीम २०१७ मध्ये सुरू झाली. ती सहा कोटींचं उद्दिष्ट ओलांडून मार्च २०२४ मध्ये संपली.

टॉवरसाठीचा सार्वत्रिक सेवा निधी मात्र थांबत नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचे नवे नियम आले. त्यांत महिला, दिव्यांग आणि आर्थिक-सामाजिकदृष्ट्या दुर्बल घटकांपर्यंत सेवा पोहोचवण्यासाठीही हा पैसा वापरता येईल, अशी तरतूद आहे. म्हणजे हप्त्यावरचा फोन, शिकवणाऱ्या साथीचं मानधन, मराठीत नीट चालणारी अर्जाची पानं यांच्यासाठी दार कागदावर तरी उघडलं आहे. या निधीतून टॉवर आणि फायबरवर किती खर्च झाला आणि या घटकांवर किती, हे दर वर्षी जिल्हावार वेगळं छापलं जावं. खासदारांनी संसदेत पहिला प्रश्न हा विचारायला हवा.